ग्वाल्हेरात ‘हॉट अँड कोल्ड’ एसी घेताना

ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा 45च्या पुढे जातो आणि जानेवारीत काही रात्री 5 अंशांच्याही खाली येतो. तरी घरोघरी उन्हाळ्याला एसी वेगळा, थंडीला रॉड हीटर वेगळा. ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणून मिळणारा स्प्लिट हीट पंप दोन्ही कामं करतो. रॉड हीटर 1 युनिट विजेत 1 युनिटच उष्णता देतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट मिळते. तो निवडावा मात्र जानेवारी डोळ्यांपुढे ठेवून.

आधी खोली मोजा. ढोबळ हिशेब असा: 120 चौरस फुटांपर्यंत 1 टन, 180पर्यंत दीड टन. लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांची उंच छतं किंवा वर थेट तापणारी गच्ची असेल, तर अर्धा टन जास्त धरा.

मग कॅटलॉग मागा. खरी निवड इथेच होते. एसीवरच्या लेबलचे स्टार फक्त गारव्याचे असतात, उबेबद्दल ते काहीच सांगत नाहीत. हीटिंगची क्षमता वॅटमध्ये बघा आणि हीटिंगला लागणाऱ्या विजेच्या वॅटने तिला भागा. उत्तर 3च्या आसपास किंवा वर हवं. 1च्या जवळ आलं, तर आत नुसती हीटरची कॉइल आहे, असा एसी नको. हा आकडा बहुधा बाहेर 7 अंश असतानाचा असतो, थंडी वाढली की क्षमता घटते. म्हणून 2 अंशांचा आकडाही विचारा. विक्रेता ‘सगळं चालतं हो’ म्हणाला, तरी कागद बघितल्याशिवाय हलू नका. धुक्याच्या दिवसांत आउटडोअरवर, म्हणजे बाहेरच्या युनिटवर, बर्फ धरतो. तो वितळवायला मशीन काही मिनिटं गरम हवा थांबवतं. तो बिघाड नव्हे. उन्हाळ्यासाठी बाहेरच्या तापमानाची कमाल मर्यादा 50 अंशांच्या वरची बघा, कारण गॅलरीत शहरापेक्षा जास्त तापतं.

दोन खोल्यांना एकच आउटडोअर असलेला मल्टी-स्प्लिट दिसायला सुटसुटीत, पण तो बिघडला की दोन्ही खोल्या बंद. शिवाय एकीत गारवा, दुसरीत ऊब, असं सहसा जमत नाही. माझं मत दोन सुटे घेण्याकडे.

आउटडोअरची जागा मोकळी हवी. थंडीत पाणी त्यातूनच गळतं, तेव्हा खाली शेजाऱ्यांचा जिना नाही ना, हे बघा. इनडोअर उंच छताला चिकटवू नका, गरम हवा वरच राहते.

फिटिंगवाल्याला व्हॅक्यूम पंप आणायला आधीच सांगा. नुसता गॅस सोडून पाइपातली हवा काढणाऱ्याला काम देऊ नका. स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवंच. वीजबिलावरचा मंजूर भारही तपासा. कमी असेल, तर एसी घरी येण्याआधी वाढवून घ्या.