लघुग्रह वळवण्यावर कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आणि अध्यक्षपदी होते डॉ. जयंत नारळीकर. विज्ञानकथेला मराठीत मिळालेला तो फार मोठा मान होता. तेव्हापासून इथल्या नव्या लेखकांची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात, आणि पृथ्वीवर येणारा लघुग्रह हा त्यांतला लाडका विषय. विषय उत्तमच आहे. पण त्याच त्या चुकांपायी चांगल्या कल्पना वाया जाताना पाहून जीव तुटतो.

दहा दिवसांत पृथ्वी वाचवणं

सगळ्यात मोठी चूक हीच. लघुग्रह सापडतो, दहा दिवस उरलेले असतात, यान सुटतं, स्फोट होतो, जग वाचतं. इथे लेखक गणित करत नाही, म्हणून आपणच करून पाहू. लघुग्रहाचा वेग सेकंदाला १ सेंटिमीटरने बदलला, तर दहा दिवसांत तो जेमतेम ९ किलोमीटर सरकतो. पृथ्वीची त्रिज्या आहे जवळपास ६,४०० किलोमीटर! तोच धक्का दहा वर्षं आधी दिला तर साधा गुणाकारच ३,००० किलोमीटरच्या वर जातो. शिवाय धक्का कक्षेच्या दिशेने दिला तर लघुग्रहाच्या प्रदक्षिणेचा काळही बदलतो आणि फरक साधारण तिप्पट होतो. म्हणजे पृथ्वी सुटते.

आणखी एक आकडा टेबलासमोर लिहून ठेवा. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावते, स्वतःच्या व्यासाएवढं अंतर सात मिनिटांत कापते. टक्कर म्हणजे दोघांनी एका जागी एकाच वेळी पोचणं. रेल्वे फाटकावर गाडी आणि ट्रक सात मिनिटांच्या फरकाने आले तर काहीच घडत नाही. तुमच्या शास्त्रज्ञांना लघुग्रहाला एवढाच उशीर करायचा आहे. त्यासाठी लागतात वर्षं, आणि कादंबरीला तर वर्षंच हवी असतात! त्या काळात मुलं मोठी होतात, सरकारं बदलतात, मोहिमेचा निधी अडतो.

खडकाच्या पोटात बॉम्ब

पुष्कळ लघुग्रह अखंड खडक नसतातच. ते सैल दगडगोट्यांचे ढिगारे असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये बेन्नू या लघुग्रहावरून नमुना घेताना नासाच्या यानाचा हात सुमारे अर्धा मीटर आत रुतला. अशा ढिगाऱ्यात भोक पाडून स्फोट केला तर तुकडे कुठे जातील याचा भरवसा नाही. अवकाशात हवा नाही, त्यामुळे पृथ्वीवरच्यासारखी धक्कालहरही नाही. अणुस्फोट दाखवायचाच असेल तर तो पृष्ठभागापासून थोड्या अंतरावर करा. किरणोत्साराने वरचा थर वाफ होऊन उडतो आणि त्याच्या उलट्या रेट्याने लघुग्रह सरकतो. मात्र १९६७ चा अवकाश करार अण्वस्त्रं कक्षेत ठेवायला मनाई करतो, तेव्हा तुमच्या पंतप्रधानांना निदान एक बैठक तरी घ्यावी लागेल.

खरा प्रयोग झाला तो टकरीचा. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने डिमॉर्फॉस या छोट्या लघुग्रहावर आदळलं. यान सहाशे किलोंहून कमी, लघुग्रह १६० मीटरांचा. डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची ११ तास ५५ मिनिटांची प्रदक्षिणा सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली. यानाच्या धक्क्यापेक्षा टकरीने उसळलेल्या मातीदगडांचा रेटा मोठा ठरला. ही गोष्ट वाचकाला माहीत नसते; ती सांगा.

खोडदच्या दुर्बिणीतून शोध

पुणे-नाशिक रस्त्याजवळची जीएमआरटी आपल्या अभिमानाची आहे, पण ती रेडिओ दुर्बीण आहे. लघुग्रह शोधतात ते रोज रात्री आकाशाचे फोटो घेणाऱ्या प्रकाशीय दुर्बिणींतून. तुमची नायिका नाशिकची असेल तर तिला अशा सर्वेक्षणाची माहिती चाळायला बसवा. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी २०२० क्यूजी हा लघुग्रह असाच टिपला होता.

मधला भाग रेंगाळत असेल तर

२०२४ वायआर४ या लघुग्रहाचा अभ्यास करा. २७ डिसेंबर २०२४ ला तो सापडला. २०३२ मधल्या टकरीची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत ३.१ टक्क्यांवर चढली आणि काही दिवसांतच जवळपास शून्य झाली. निरीक्षणं वाढली की कक्षेची अनिश्चितता आकसते. पृथ्वी त्या आकसत्या पट्ट्यात असेपर्यंत शक्यता वाढत जाते आणि पट्टा पृथ्वीवरून सरकला की एकदम कोसळते. दुसरं म्हणजे, लघुग्रह दूर गेला की वर्षानुवर्षं दिसतच नाही. आकडा टांगलेला आणि आकाश रिकामं, अशा त्या काळातलं घर, बाजार, लग्नं लिहा.

सगळ्यात खोल प्रश्न मात्र पुढेच आहे. धक्का अपुरा पडला तर टकरीची जागा पृथ्वीवरच सरकते. वायआर४ च्या टकरीचा संभाव्य पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत होता. नाशिक वाचवताना धोका दुसऱ्या देशाच्या माथी जात असेल तर मोहिमेवर सही कोण करणार? माझ्याकडे आलेल्या एकाही हस्तलिखिताने हा प्रश्न विचारलेला नाही. तुम्ही विचारा, आणि त्याला दोन-तीन प्रकरणं द्या.

नाशिकमधला प्रसंग

गंगापूर धरणापर्यंत समुद्राची लाट आणू नका. नाशिक सह्याद्रीमागे, साडेपाचशे मीटरांहून उंचावर आहे. विवर हवं असेल तर लोणारला जाऊन या: पांडवलेणी ज्या बेसॉल्टात कोरली आहेत तशाच खडकातलं ते सुमारे १.८ किलोमीटरांचं विवर आहे. छोटा तुकडा हवेत फुटणार असेल तर रशियातलं चेल्याबिन्स्क, १५ फेब्रुवारी २०१३ पाहा. साधारण २० मीटरांचा खडक, दीडेक हजार जखमी, बहुतेक जण फुटलेल्या काचांनी. आधी झगझगीत प्रकाश आला, लोक बघायला खिडक्यांशी धावले आणि धक्कालहर दोनेक मिनिटांनी पोचली. कॉलेज रोडवरचा तुमचा प्रसंग लिहिताना हा क्रम उलटा करू नका, आणि त्या दोन मिनिटांत काचेजवळ कोण उभं आहे हे आधी ठरवून घ्या.