घरच्या टीव्हीवर इटालियन ऑपेरा कसा पाहावा : ‘ला त्राव्हियाता’पासून सुरुवात

ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, लावून बसलेली बरीच मंडळी पहिल्या अर्ध्या तासात उठतात. तो सिनेमासारखा लावलेला असतो, हे त्याचं खरं कारण. गोष्ट माहीत नाही, आवाज टीव्हीच्या बारीक स्पीकरचा आणि अडीच तास एका दमात. आमच्या घरीही पहिल्यांदा असंच झालं. दुसऱ्या खेपेला आत्या आली होती. तिने तरुणपणी संगीत नाटकं भरपूर पाहिलेली. मी डिस्क घालायच्या आधीच ती म्हणाली, “अगोदर गोष्ट सांग. मग गाण्याकडे लक्ष देता येईल.”

किल्ली इथेच होती. ‘सौभद्र’ पाहायला जाणाऱ्याला सुभद्रेचं लग्न शेवटी कुणाशी होतं हे ठाऊकच असायचं. लोक जायचे ते आज अमुक पद कसं रंगतंय ते ऐकायला. इटालियन ऑपेराही त्याच तयारीने पाहायचा. त्यासाठी काय काय करायचं, ते एका ऑपेराच्या आधाराने सांगते.

१. सुरुवात ‘ला त्राव्हियाता’ने करा

जुझेप्पे वेर्दी या इटालियन संगीतकाराचा हा ऑपेरा ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात पहिल्यांदा झाला आणि साफ पडला. पुढच्याच वर्षी, थोड्या दुरुस्त्या करून, त्याच शहरातल्या दुसऱ्या नाट्यगृहात तो लागला आणि गाजला. आज जगात सर्वांत जास्त वेळा होणाऱ्या ऑपेरांत त्याची गणना होते. नवख्या माणसासाठी तो सोयीचा आहे. मुख्य पात्रं तीनच, प्रसंग घरगुती, आणि राजा-राणी-शापांचं जंजाळ नाही. संगीत जेमतेम सव्वादोन तासांचं.

२. गोष्ट आधी वाचा, शेवटासकट

व्हिओलेत्ता ही पॅरिसमधली श्रीमंतांच्या पैशावर जगणारी, क्षयाने पोखरलेली तरुणी. आल्फ्रेदो तिच्यावर जीव टाकतो. ती सगळं सोडून त्याच्याबरोबर गावाबाहेरच्या घरात राहायला जाते, घरखर्चासाठी स्वतःचं किडुकमिडुक विकते. एके दिवशी आल्फ्रेदोचे वडील, जेर्मों, एकटे येतात. मुलाच्या या संबंधामुळे माझ्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडेल, तू त्याला सोड, असं सांगतात. ती सोडते आणि खरं कारण त्याला कळू देत नाही. तो भर मेजवानीत जुगारात जिंकलेले पैसे तिच्या अंगावर फेकून तिचा अपमान करतो. शेवटच्या अंकात ती मरणाच्या दारात असताना त्याला सत्य कळतं, तो धावत येतो, आणि उशीर झालेला असतो.

एवढी गोष्ट पुरे. फ्रान्चेस्को मारिया पियावे याने ही संहिता धाकटा अलेक्झांडर द्यूमा या फ्रेंच लेखकाच्या नाटकावरून लिहिली. द्यूमाच्या डोळ्यासमोर मारी द्यूप्लेसी ही खरीखुरी तरुणी होती, ती १८४७ मध्ये वयाच्या २३ व्या वर्षी गेली.

शेवट आधी कळला म्हणून हळहळू नका. वेर्दीने स्वतःच तो पडदा उघडण्याआधी सांगून टाकलाय, ते पुढे येईलच.

३. कोणतं चित्रण घ्यायचं

एकाच ऑपेराची डझनावारी चित्रणं मिळतात आणि नेमकी इथेच गफलत होते. आधी दोन जाती ओळखा. एक, रंगमंचावर झालेल्या प्रयोगाचं चित्रण. दुसरी, ऑपेराचा सिनेमा. सिनेमात गाणं आधी ध्वनिमुद्रित करून नंतर ओठ हलवलेले असतात आणि पुष्कळदा काटछाटही असते. फ्रांको झेफिरेल्लीने १९८२ मध्ये केलेला ‘ला त्राव्हियाता’चा सिनेमा देखणा आहे, पण पहिल्या वेळी तो नको. समोर उभा राहून गाणारा माणूस दम कुठे घेतो, वरचा स्वर लावताना त्याचं अंग कसं सावरतं, हे प्रयोगातच दिसतं.

माझी शिफारस लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या ऑपेरा-नाट्यगृहातल्या डिसेंबर १९९४ च्या प्रयोगाची. व्हिओलेत्ता आंजेला गेओर्ग्यू, आल्फ्रेदो फ्रँक लोपार्डो, जेर्मों लेओ नुच्ची, दिग्दर्शन रिचर्ड आयर यांचं. वाद्यवृंद गेऑर्ग शोल्टी यांच्या हाताखाली. शोल्टी तेव्हा ८२ वर्षांचे होते, आणि हा ऑपेरा रंगमंचावर ते पहिल्यांदाच करत होते. गेओर्ग्यूच्या गाण्याची अशी वाहवा झाली की बीबीसीने दुसऱ्या वाहिनीवरचा ठरलेला कार्यक्रम बाजूला सारून प्रयोग थेट दाखवला. नेपथ्य-वेशभूषा काळाला धरून आहे, त्यामुळे कोण कुठे उभं आहे याचा गोंधळ होत नाही.

डिस्क विकत घेणार असाल तर मागच्या बाजूचा रीजन क्रमांक, म्हणजे ती कोणत्या देशांतल्या प्लेयरवर चालेल ते सांगणारा क्रमांक, पाहा. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५ मध्ये येतो, ब्लू-रेसाठी सी मध्ये. ऑपेराच्या बऱ्याच डिस्क शून्य क्रमांकाच्या, म्हणजे कुठेही चालणाऱ्या असतात. सगळ्या मात्र नसतात. मी एकदा परदेशातून हौसेने मागवलेली डिस्क प्लेयरने तीनदा बाहेर फेकली, तेव्हा हे शिकले. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण मोजून ५ वेळा. नंतर तो कायमचा अडकतो.

डिस्क नको असेल तर ऑपेराव्हिजन या संकेतस्थळावर युरोपातल्या नाट्यगृहांचे प्रयोग काही महिने फुकट, सबटायटलसह पाहायला मिळतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची वर्गणी भरून पाहायची सेवाही आहे.

४. टीव्ही आणि आवाज लावून घ्या

टीव्हीतलं मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं सेटिंग, बंद करा, नाहीतर रंगमंच मालिकेच्या सेटसारखा दिसतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये नाइट मोड किंवा संवाद ठळक करणारा पर्याय चालू असेल तर तोही बंद करा. हे पर्याय हळू आणि मोठा आवाज एका पातळीवर आणतात, आणि ऑपेराचा जीव त्या दोन टोकांमधल्या अंतरात असतो. डिस्कच्या मेनूत आवाजाचे दोन पर्याय असतील आणि तुमच्याकडे दोनच स्पीकर असतील, तर पीसीएम स्टिरिओ निवडा. साधे चांगले हेडफोनसुद्धा टीव्हीच्या स्पीकरपेक्षा बरे.

आवाज किती ठेवायचा? सुरुवातीचं वाद्यसंगीत इतकं नाजूक आहे की हात आपोआप रिमोटकडे जातो. वाढवू नका. लगेच पुढे मेजवानीचा दणका आहे. आधी पहिल्या अंकातल्या ‘लिबियामो’ या पेयगीताला जा, ते जोरकस पण कानाला सुखाचं वाटेल एवढा आवाज लावा, आणि मग मागे येऊन सुरुवात करा. तेव्हा ते नाजूक व्हायोलिन मुद्दाम कान देऊन ऐकावं लागेल. तसंच ऐकायचं असतं.

टीव्हीपासून नेहमीपेक्षा थोडं लांब बसा. नाट्यगृहात गायक माइकशिवाय गातो, वाद्यवृंदावरून त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. कॅमेरा मात्र त्याच्या तोंडाशी जातो. वासलेला जबडा, थरथरणारी जीभ, कपाळावरचा घाम, सगळं मोठं दिसतं आणि पहिल्यांदा हसू येतं. आत्याला आलं नाही. “आपले बुवा तान घेताना कसे दिसतात?” एवढंच ती म्हणाली.

५. सबटायटल

मराठी सबटायटल मिळत नाहीत, इंग्रजी जवळजवळ नेहमी असतात. ती लावाच. मध्येच ती नाहीशी झाली तर डिस्क बिघडली असं समजू नका. गायक तीच ओळ पुन्हा पुन्हा गातो तेव्हा ती एकदाच दाखवण्याची रीत आहे. मोकळा पडदा म्हणजे वाचायचं संपलं, आता फक्त ऐका. घरात इंग्रजी न वाचणारं कुणी असेल तर प्रत्येक अंकाआधी पाच मिनिटं गोष्ट सांगा. मधेमधे पॉज करून भाषांतर सांगत बसलं की गाण्याचा ओघ तुटतो.

६. एका संध्याकाळी एकच अंक

हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नाट्यगृहात अंकांच्या मध्ये लांब मध्यंतर असतं, लोक पाय मोकळे करतात, ऐकलेलं बोलतात. घरी ते मध्यंतर आपण द्यायचं. पहिला अंक अर्ध्या तासाचा, दुसरा तासाभराहून थोडा मोठा, तिसरा पुन्हा अर्ध्या तासाचा. तीन संध्याकाळी पुरतात.

*पहिला अंक.* पडदा उघडण्याआधीचं वाद्यसंगीत नीट ऐका. सुरुवातीचे उंच, विरळ व्हायोलिनचे सूर म्हणजे व्हिओलेत्ताचं आजारपण. हेच सूर तिसऱ्या अंकाच्या तोंडाशी पुन्हा येतात. त्यानंतरची रुंद, आर्जवी धून दुसऱ्या अंकात ती आल्फ्रेदोला सोडताना गाणार आहे. म्हणजे वेर्दीने आधी मरण, मग विरह सांगितला आणि मग मेजवानीचा पडदा उघडला. ही गोष्ट कळल्यावर ‘लिबियामो’ची मजा निराळीच लागते.

अंकाच्या शेवटी सगळे निघून जातात आणि ती एकटी उरते. “ए स्त्रानो,” ती म्हणते, “नवल आहे.” हे दोन शब्द लक्षात ठेवा. मग आधी संथ गाणं, त्यात ती आपल्यावर खरंच कुणी प्रेम करू शकेल का याचा विचार करते. त्यानंतर एकदम वेगवान ‘सेंप्रे लिबेरा’, मी मोकळीच राहणार. विलंबितानंतर द्रुत यावं, तशीच ही इटालियन पद्धत आहे. या द्रुताच्या मध्ये बाहेरून आल्फ्रेदोचा आवाज येतो, प्रेमाची धून गुणगुणणारा, आणि तिच्या ताना क्षणभर अडखळतात. तो अडखळणारा क्षण पाहायचा. शेवटी काही गायिका एक फार उंच स्वर लावतात. वेर्दीने तो लिहिलेला नाही, म्हणून तो लावला नाही तर गायिका कमी पडली असं धरू नका.

*दुसरा अंक.* ऑपेराचा गाभा इथे आहे, त्यामुळे ही संध्याकाळ शांत निवडा. जेर्मों आणि व्हिओलेत्ता यांचा प्रसंग पंधरा मिनिटांहून मोठा आहे आणि त्यात मारामारी नाही, आरडाओरडा नाही. तो येतो ते तिला तुच्छ लेखत. ती त्याला बाणेदारपणे थांबवते, आणि हळूहळू दोघांचीही गाण्याची चाल बदलत जाते. ‘दीते आल्ला जोव्हिने’, म्हणजे तुमच्या लेकीला सांगा, असं ती म्हणते तेव्हा आवाज जवळजवळ कुजबुजीवर येतो. त्यानंतर जेर्मोंच्या तोंडी येतं ते “रड, पोरी, रड.” आत्या इथे पुढे सरकून बसली. म्हणाली, “हा दुष्ट असता तर तिला सोपं गेलं असतं. तो बाप आहे, इथेच ती हरते.” इतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

थोड्या वेळाने ‘आमामी, आल्फ्रेदो’ येतं. जेमतेम मिनिटभराचं गाणं, पण पडद्याआधी ऐकलेली ती रुंद धून हीच. इथे आवाज वाढवावासा वाटला तर खुशाल वाढवा.

दुसऱ्या प्रवेशातली मेजवानी, जिप्सींचा नाच वगैरे रमतगमत पाहिलं तरी चालेल. पैसे फेकल्यानंतरचं सगळ्यांचं एकत्र गाणं मात्र चुकवू नका.

*तिसरा अंक.* व्हिओलेत्ता जेर्मोंचं पत्र वाचते. वाचते म्हणजे खरंच वाचते, गात नाही. सव्वादोन तासांच्या गाण्यात अचानक साधा बोलका आवाज येतो, आणि त्याच्यामागे व्हायोलिनवर आल्फ्रेदोची प्रेमाची धून. पत्र संपल्यावर “ए तार्दी”, उशीर झाला. शेवटी आल्फ्रेदोच्या जवळ असताना ती पुन्हा म्हणते, “ए स्त्रानो.” वेदना थांबल्या, अंगात बळ आलं, असं तिला वाटतं. व्हायोलिन पुन्हा तीच धून धरतात. ती उठून उभी राहते, आणि कोसळते. पहिल्या अंकात हेच दोन शब्द प्रेमाच्या चाहुलीला होते.

टाळ्या संपेपर्यंत टीव्ही बंद करू नका. मेलेली व्हिओलेत्ता उठून नमस्कार घ्यायला येते, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

७. मग दुसऱ्यांदा, दुसरा प्रयोग

महिन्याभराने २००५ चा साल्झबर्ग महोत्सवातला प्रयोग लावा. आना नेत्रेब्को, रोलांदो वियासोन, टॉमस हॅम्पसन. दिग्दर्शक विली डेकर. दिवाणखाना नाही, झुंबर नाही. वाकलेली पांढरी भिंत, एक भलंमोठं घड्याळ, लाल आखूड झगा आणि सुटाबुटातला समूह. सुरुवातीपासून घड्याळाजवळ एक म्हातारा बसलेला असतो. तो तिचा डॉक्टर, पण इथे तो तिची वाट पाहणारा मृत्यूच आहे. गोष्ट माहीत नसताना हे पाहिलं असतं तर डोकं भणभणलं असतं. आता प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागते. या वेळी सबटायटल इटालियन लावून पाहा, शब्द कानात बसायला लागतात.

त्यापुढे काय, असं विचाराल तर मी पुच्चीनी या इटालियन संगीतकाराचा ‘टोस्का’ सांगेन, तोही १९९२ च्या चित्रणातला. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता त्याचे संगीत संचालक. प्रसंग रोममधल्या खऱ्या ठिकाणी चित्रित झाले, कथेत जी वेळ आहे त्याच वेळी, आणि थेट प्रक्षेपित झाले. मेहता आणि वाद्यवृंद शहरात दुसरीकडे होते, गायक त्यांना मॉनिटरवर पाहून गात होते. तिसरा अंक पहाटेचा आहे, त्यामुळे सांत आंजेलोच्या किल्ल्यावर तेव्हा खरोखरच उजाडत होतं.