नवी रॅम टाकली आणि काट्यावरचा पीसी उठेना

डिसेंबरातल्या एका सकाळी धरणगावजवळच्या जिनिंगमधून (कापसातून सरकी वेगळी करतात तो कारखाना) वजनकाट्यावरच्या पोराचा फोन आला. "भाऊ, रातले नवी रॅम टाकी, आते हाऊ चालूच व्हत नही." गेटबाहेर कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली आणि काटापावती त्याच एका पीसीतून निघते. शेतकरी पहाटेपासून थंडीत बसलेले होते.

मी त्याला आधी एकच विचारलं, कुठपर्यंत जातंय? नवा पार्ट टाकल्यावर पीसी बंद पडला, तर तुम्हीही आधी एवढंच बघा. पंखा फिरतच नाही, की फिरतो पण स्क्रीन काळी? की कंपनीचा लोगो येतो आणि पुढे विंडोज येत नाही? या तिन्हींची कारणं वेगळी असतात. हे न बघता लोक थेट विंडोज नवी मारायला घेतात. लोगोच दिसत नसेल, तर विंडोजचा काही दोष नाही. गाडी तिथवर पोचलेलीच नसते.

त्याचा पंखा फिरत होता, स्क्रीन काळी होती. म्हटलं, रॅमची, म्हणजे मेमरीची, नवी पट्टी काढ, जुनी होती तिथेच बसव. शेवटचं जे बदललं ते आधी मागे घ्यायचं. जुन्यावर चालू झाला, तर शोध नव्या पट्टीपुरता उरतो. पण जुनीवरही चालू होईना, म्हणून मी गाडी काढून गेलो.

कॅबिनेट उघडण्याआधी पिन भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज चिपला मारू शकते, आणि स्वेटर घालून काम करत असाल तर जास्तच.

रॅमचा स्लॉट टॉर्चने तिरपा बघितला. आत, पितळी रंगाच्या दातांवर, रुईचा एकच तंतू आडवा पडलेला. नुसत्या डोळ्यांना दिसलाही नसता. जिनिंगच्या हवेत रुई उडतेच. जुनी पट्टी उपसली तेव्हा ती आत शिरली आणि पट्टी दाबली तशी खाली रुतली. कोरड्या मऊ ब्रशने ती अलगद काढली. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. पट्टीच्या सोनेरी कडेवरून शाळेचं पांढरं खोडरबर फिरवलं आणि चुरा पूर्ण झटकला. मग पट्टीची खाच स्लॉटच्या खुंटीशी जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा जोर दिला, कडीचा 'कट्ट' आवाज येईपर्यंत. बहुतेक जण इथेच कचरतात आणि पट्टी एका बाजूने अर्धवर राहते. जुनी पट्टी बसवली आणि पीसी उठला.

नवी बसवल्यावर मात्र पुन्हा काळी स्क्रीन. पट्टी हातात घेऊन चिप्स मोजल्या. डीडीआर३ ची, म्हणजे जुन्या प्रकारच्या रॅमची, ८ जीबीची पट्टी, पण एकाच बाजूला मिळून ८ चिप्स. इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या प्रोसेसरच्या मदरबोर्डांना एवढ्या दाट, म्हणजे एकेकीत जास्त मेमरी भरलेल्या, चिप्स वाचता येत नाहीत. त्यांना दोन्ही बाजू धरून १६ चिप्सची पट्टी लागते. अशा पट्ट्या ऑनलाइन स्वस्त मिळतात, आणि पोराची त्यात फसगत झाली याचं मला खरंच वाईट वाटलं. पैसे त्याने स्वतःच्या पगारातून घातले होते. म्हणून जुन्या पीसीला रॅम घेताना चिप्स मोजूनच घ्या. उलट डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमचा अगदी नवा पीसी पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं काळाच राहू शकतो. तो मेमरी तपासून जुळवून घेत असतो, घाईने बंद करू नका.

ग्राफिक कार्ड टाकलं असेल, तर मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला लावा. कार्डावर वेगळ्या पॉवरचं सॉकेट असेल तर तीही वायर जोडा. नवा प्रोसेसर असेल, तर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली चार किंवा आठ पिनांची वायर बघा, ती हमखास विसरते. बोर्डाचं बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डातला प्रोग्राम) जुनं असेल, तरी नवा प्रोसेसर ओळखला जात नाही.

लोगो येतो पण विंडोज येत नाही, हे बहुधा एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, टाकल्यावर होतं. बायोसमध्ये जाऊन बूटच्या, म्हणजे पीसी कुठून सुरू करायचा त्या, यादीत योग्य डिस्क पहिली आहे का बघा. जुनी डिस्कच यादीतून गायब असेल, तर तिची केबल बोर्डावरच्या दुसऱ्या साटा पोर्टात (डिस्कची केबल लागते ती जागा) लावून बघा, कारण बऱ्याच बोर्डांवर एम.२ या बोर्डावरच्या सपाट खाचेत एसएसडी बसली की एखादा साटा पोर्ट बंद होतो. आणि फार जुन्या बोर्डाला एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीवरून विंडोज सुरूच करता येत नाही.

बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, काढून बायोस रिसेट करायचा सल्ला सगळेच देतात. काम होतंही, पण त्याने पीसी सुरू करायची जुनी पद्धत (लेगसी) बदलून नवी (यूईएफआय) होऊ शकते, साटाचा मोडही बदलू शकतो, आणि चांगली विंडोजही निळी स्क्रीन दाखवून अडू शकते. म्हणून अपग्रेडच्या आधीच बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल, तर बदलानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा.

आणि जळका वास आला, किंवा बटण दाबल्याबरोबर पंखा गचका देऊन थांबत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करू नका. कुठेतरी शॉर्ट असू शकतो. पिन काढा आणि जवळच्या माणसाला दाखवा.

काट्याचा पीसी मी जुन्या ४ जीबीवरच चालू करून दिला. हंगामात तेवढं पुरलं. पोराने ती पट्टी परत पाठवून १६ चिप्सची मागवली आणि फेब्रुवारीत, काटा थंडावल्यावर, माझ्यासमोर स्वतःच्या हाताने बसवली.