अपग्रेडनंतर संगणक सुरू होतानाच कोसळत असेल तर

स्वतः सुटे भाग जोडून तयार केलेला संगणक विंडोज १० वरून विंडोज ११ वर नेल्यानंतर सुरू होतानाच बंद पडू लागला, तर सारे पुसून नव्याने सुरुवात करण्याची घाई करू नये. सुरू होण्याची प्रक्रिया सलग दोन-तीन वेळा अर्धवट राहिली की विंडोज सहसा स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तेथून सेफ मोडमध्ये जावे. या मोडमध्ये केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर (संगणकाचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) चालत असल्यामुळे संगणक तेथे स्थिर राहिला, तर पहिला संशय ग्राफिक्स कार्डाच्या जुन्या ड्रायव्हरवर घ्यावा आणि तो काढून उत्पादकाच्या संकेतस्थळावरील नवा बसवावा. सेफ मोडही कोसळत असेल, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारी मदरबोर्डवरील मूलभूत प्रणाली) रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल आणि ओव्हरक्लॉकिंग (भाग नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे) बंद करून पाहावे. आजवर निमूटपणे चाललेली, पण मुळातच काठावर असलेली रॅम अशा वेळी उघडी पडते. अपग्रेडसाठी बायोस अद्ययावत केले असल्यास स्टोरेजची एएचसीआय किंवा रेड (डिस्क हाताळण्याच्या दोन पद्धती) ही निवड बदललेली नाही ना, हेही तपासावे, कारण ती बदलली की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडेनाशी होते. जुन्या आवृत्तीकडे परतण्याची मुदत सामान्यतः १० दिवसांचीच असते. तोवर डिस्कवरील जागा मोकळी करण्याच्या नादात जुन्या विंडोजचे फोल्डर हटवू नये.