“दादा, आमचं एक गाणं लावा ना”: हाऊस-टेक्नो वाजवताना फरमाईश कशी हाताळावी

मराठीत ‘डीजे’ म्हणजे आधी स्पीकरची भिंत, मग माणूस. मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेले टॉप आणि बेस म्हणजे डीजे, आणि ‘डीजेला बंदी’ म्हणजे त्या भिंतीला बंदी. हळदीला सांगेल ते गाणं लावणाराही डीजेच. त्यामुळे पुण्यातल्या क्लबात किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर चार तास हाऊस किंवा टेक्नो, म्हणजे चारच्या सरळ ठोक्यावरचं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, वाजवणाऱ्याकडे कुणी येऊन लावणी मागितली, तर तो माणूस उद्धट नसतो. त्याने आजवर पाहिलेल्या प्रत्येक डीजेचं कामच सांगितलेलं गाणं लावणं हे होतं. हे लक्षात ठेवलं की निम्मी चिडचिड तिथेच संपते. उरलेल्या निम्मीसाठी तयारी लागते, आणि ती बहुतेक कार्यक्रमाच्या आधीच करायची असते.

आयोजकाशी बोलताना

बूथवर, म्हणजे डीजेच्या टेबलाजवळ, होणारे बहुतेक वाद बुकिंगच्या फोनवर राहून गेलेल्या गोष्टींचे असतात. ‘जरा मिक्स ठेवा’ हे वाक्य सगळ्यात धोक्याचं. मालकाच्या डोक्यात त्याचा अर्थ असतो ‘बारानंतर बॉलिवूड’, आणि डीजे समजतो ‘हाऊसबरोबर थोडं टेक्नो’. म्हणून शब्दांवर विसंबू नका. अर्ध्या तासाचा स्वतःचा मिक्स (ट्रॅक एकमेकांत जोडून केलेलं रेकॉर्डिंग) पाठवा आणि ‘हेच हवंय ना?’ याला व्हॉट्सॲपवर लेखी ‘हो’ घ्या. त्याच मेसेजमध्ये आपली वेळ, आपल्या आधी-नंतर कोण वाजवणार, कुठल्या ग्रुपचा वाढदिवस किंवा ऑफिस पार्टी आहे का, आणि ऐनवेळी निर्णय कोण घेणार हे विचारून घ्या. निर्णय घेणारा माणूस एकच हवा. मालक, त्याचा भाचा आणि मॅनेजर असे तिघं तीन गोष्टी सांगायला लागले, तर चांगला सेटही विस्कटतो.

शेवटचा तास फिल्मी हवा असेल तर तेव्हाच हो म्हणा किंवा तेव्हाच नाही म्हणा. रात्री साडेबाराला नाही म्हणण्यात दोन्ही बाजूंचं नुकसान आहे.

पोस्टरही बघून घ्या. ‘डीजे नाइट’ एवढंच छापलं असेल तर लोक हळदीच्या तयारीने येणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. ‘हाऊस’ किंवा ‘टेक्नो’ हा शब्द पोस्टरवर नावाइतकाच ठळक असावा. वेटर आणि दारावरचा माणूस यांनाही एक वाक्य सांगून ठेवायला लावा: ‘आज फिल्मी गाणी नाहीत.’

बूथची एक बाजू बंद ठेवा आणि पेल्यांसाठी हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर छोटं टेबल मागा. बोलायला आलेला माणूस हातातला पेला जवळच्या सपाट जागेवर ठेवतो, आणि बहुतेक वेळा ती जागा मिक्सर असते. फेडरमध्ये (आवाज वर-खाली करायच्या सरकपट्टीत) गोड पेय गेलं की तो चिकटतो, मग त्या रात्री तो चॅनल गेलाच म्हणून समजा.

ऐकायचं कधी, बोलायचं काय

१२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) चार ठोक्यांचे ३२ बार म्हणजे १२८ ठोके, साधारण ६२ सेकंद. त्या मिनिटभरात दोन ट्रॅक एकत्र चालू असतात, एक कान हेडफोनमध्ये असतो आणि हात बेसच्या नॉबवर. नेमकं तेव्हा कुणी खांद्यावर हात ठेवला आणि तुम्ही वळलात, तर बेसची अदलाबदल आठ बार उशिरा होते, दोन बेसलाइन एकमेकींवर चढतात आणि फ्लोरवर नुसता गढूळ घोंगाट ऐकू येतो. म्हणून आधी हेडफोनकडे बोट दाखवा, तळहाताने ‘थांबा’ अशी खूण करा, मिक्स पूर्ण करा, जुन्या ट्रॅकचा फेडर खाली घ्या. मग हेडफोन काढून पूर्ण वळा. आता पुढचा ट्रॅक निवडेपर्यंत दीड-दोन मिनिटं आहेत, त्यातली पंधरा सेकंद त्या माणसाची.

मोबाइलवर नाव टाइप करून आणलं असेल तर उत्तर ठाऊक असूनही स्क्रीन वाचा. न वाचता मान हलवली की पुढचं बोलणं भांडणाच्या सुरातच होतं. फोन हातात मात्र घेऊ नका. तो एकदा बूथमध्ये आला की त्याचा मालकही आत येतो.

उत्तर छोटं आणि खरं द्या. ‘ताई, आज रात्रभर हाऊस आहे, ते गाणं माझ्याकडे नाही.’ एवढं पुरतं. ‘बघतो’ आणि ‘नंतर लावतो’ या दोन शब्दांनी सर्वांत जास्त घोळ होतो. ती मुलगी मैत्रिणींना जाऊन सांगते, सगळ्या वाट बघतात, दहा मिनिटांनी परत येतात, आणि तिसऱ्यांदा येतात तेव्हा चिडलेल्या असतात. त्यांचं चिडणं रास्तच असतं. गाणं असेल आणि बसत असेल, तर ‘वीस मिनिटांत येईल’ म्हणा आणि वीस मिनिटांत लावा. कुणी ‘का नाही?’ विचारलंच, तर ‘चाल वेगळी आहे, मधेच लावलं तर नाचणारे थांबतील’ इथवर थांबा. मागितलेल्या गाण्याबद्दल वाईट बोलू नका. ते कुणाच्या तरी आठवणीतलं गाणं असतं. ‘आत्ता वाजलं ते कुठलं?’ असं कुणी विचारलं, तर प्लेयरवरचं नाव खुशाल दाखवा. ते लपवून ठेवणारे डीजे आहेत, पण आम्हाला त्यात काही अर्थ दिसत नाही.

फरमाईशीतली बातमी

मागणारा गाण्याचं नाव घेतो, पण बरेचदा सांगत असतो दुसरंच. ‘काहीतरी गाणं असलेलं लावा’ म्हणजे अर्धा तास माणसाचा आवाज ऐकू आलेला नाही. पुढचा ट्रॅक व्होकल असलेला निवडा, शैली बदलायची गरज नाही. ‘जरा फास्ट लावा’ यात वेगाची मागणी क्वचितच असते. १२२ वरून एकदम १२८ वर गेलात तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. वेग ट्रॅकमागे एखाद्या बीपीएमने वाढवा, आणि ठोक्यांच्या मधे वाजणारे मोकळे हाय-हॅट (ड्रमच्या झांजा), ठळक टाळी, माणसाच्या आवाजाचा छोटा तुकडा असलेला ट्रॅक आणा. वेग तोच राहिला तरी फ्लोरला तो वाढल्यासारखा वाटतो. ‘बोअर होतंय’ असं ऐकू आलं, तर सहा मिनिटं वाजवत असलेला ट्रॅक साडेतीन मिनिटांतच बदलायला लागा.

एका माणसाची फरमाईश ही त्याची आवड असते. अर्ध्या तासात एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन ग्रुपनी तेच मागितलं, तर ती फ्लोरची बातमी आहे. पण ती ताडून बघा. मागच्या रांगेतले पाय हलताहेत का? बारकडे जाणारे परत येताहेत का? नाचण्यात रमलेले लोक मागायला येत नाहीत, त्यामुळे बूथवर येणाऱ्यांवरून सगळ्या फ्लोरचा अंदाज बांधला की हमखास चुकतो.

फिल्मी गाणं बसत का नाही

सेट १२४ वर चालू आहे आणि मागितलेलं गाणं १०० बीपीएमचं आहे असं धरा. चालू ट्रॅक तिथवर उतरवायचा तर वेग १९ टक्क्यांहून जास्त कमी करावा लागतो. पिच फेडरच्या (वेग बदलायच्या पट्टीच्या) ±१६ टक्क्यांच्या मर्यादेतही ते मावत नाही. मास्टर टेम्पो लावून सूर जागेवर ठेवला, तरी इतक्या ताणाने किकची (मूळ ठोका देणाऱ्या ड्रमची) धार जाते आणि आवाज थरथरतो. जुन्या गाण्यांत आणखी एक अडचण: ती माणसांनी वाजवलेली आहेत, त्यांची लय श्वासासारखी पुढेमागे होते, त्यामुळे बीटग्रिड (सॉफ्टवेअरने आखलेल्या ठोक्यांच्या खुणा) दोन कडव्यांत सरकतो. शिवाय कितीतरी कोळीगीतांची चाल सहा मात्रांची असते; चारच्या ठोक्यावर ती बसवली तर दोन्ही लंगडतात.

तरीही लावायचंच ठरलं, म्हणजे निर्णय घेणाऱ्या माणसाने सांगितलं आणि तुम्ही मान्य केलं, तर एकच गाणं मधे खुपसू नका. नाचायला आलेले पांगतात, मागणारे तीन मिनिटं नाचून दुसरं गाणं मागतात, आणि १२४ वर परतणं अवघड होऊन बसतं. वीस-पंचवीस मिनिटांचा सलग तुकडा करा आणि तो शेवटी ठेवा. त्यात शिरताना मिक्सचा हट्ट नको: ब्रेकडाऊन (ठोका थांबतो तो भाग) येऊ द्या, एको (प्रतिध्वनी) लावून फेडर बंद करा, एक श्वास शांतता, मग नवं गाणं पहिल्या ठोक्यापासून.

याहून चांगला उपाय म्हणजे फरमाईशीसाठी वेगळा फोल्डर. वीसेक ट्रॅक पुरेत: लोकांच्या ओळखीचे हाऊसमधले व्होकल, अधिकृतपणे निघालेले रीमिक्स, तबला-ढोलकीचं अंग असलेले १२० ते १२६ मधले ट्रॅक. प्रत्येकात आवाज सुरू होण्याआधी १६ बारवर हॉट क्यू (एका बटणाने थेट तिथे नेणारी खूण) ठेवा, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध होत नाही. फाइल वेव्ह, एआयएफएफ किंवा ३२० केबीपीएसची एमपीथ्री. दोन पेनड्राइव्ह, दोन्ही रेकॉर्डबॉक्स या डीजेंच्या सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट केलेले आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेले. हा फॉरमॅट जुन्या-नव्या बहुतेक प्लेयरवर वाचला जातो.

“माझ्या फोनवर आहे, जोडा ना”

फोन जोडता येतो, म्हणूनच नकार अवघड जातो. कारण मात्र साधं आहे. व्हॉट्सॲपवर फिरलेली किंवा व्हिडिओतून उतरवलेली फाइल इअरफोनमध्ये बरी वाटते, पण मोठ्या सिस्टिमवर तिचा वरचा भाग फुटका आणि बेस पोकळ ऐकू येतो. त्यात मधेच कॉल आला तर रिंगटोन सगळ्या हॉलभर. केक कापायच्या वेळी वगैरे टाळता येणार नसेल, तर तयारीने करा. ३.५ मिमी ते दोन आरसीए केबल आणि टाइप-सी व लाइटनिंगचे कनेक्टर बॅगेत ठेवा. रिकाम्या चॅनलच्या लाइन इनपुटला जोडा. गाणं फोनवर उतरवलेलं आहे ना बघून विमान मोड लावा. फोनचा आवाज नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवा, हेडफोनमध्ये ऐकत ट्रिम (चॅनलमध्ये येणारा आवाज कमी-जास्त करायचा नॉब) लावा, आणि मगच फेडर वर घ्या. जुनं गाणं आजच्या ट्रॅकपेक्षा कमी आवाजात रेकॉर्ड झालेलं असतं, म्हणून ट्रिम आधी लावणं महत्त्वाचं. फेडर वर असताना केबल काढलीत तर जो ‘धाड्’ आवाज होतो, त्याने स्पीकर जाऊ शकतात.

“आवाज वाढव”

ही फरमाईश मानायची नाही, पण ऐकायची. सिस्टिमवर लिमिटर, म्हणजे आवाज ठराविक पातळीवर रोखणारी सोय, असतो. मिक्सरचं मीटर लाल केल्याने आवाज मोठा होत नाही, चेपला जातो, आणि चेपलेला आवाज कानाला आणखी बसका वाटतो. चॅनलची शिखरं नारिंगीच्या सुरुवातीला ठेवा. लाल दिवा लागत असेल तर मास्टर नव्हे, ट्रिम कमी करा. मग साउंड इंजिनिअरला फ्लोरच्या मध्यावर उभं राहून ऐकायला सांगा. खूपदा एखादा सब (खालचा बेस वाजवणारा स्पीकर) बंद असतो आणि तक्रार खरी निघते. सगळं ठीक असेल तर एक-दोन ट्रॅक मुद्दाम थोडे खाली, बेस किंचित कमी करून वाजवा आणि नंतर पूर्ववत करा. थकलेल्या कानाला तोच आवाज पुन्हा भरदार लागतो. १०० डेसिबलला सुरक्षित मुदत साधारण १५ मिनिटं धरतात, हे स्वतःच्या कानांसाठीही लक्षात असू द्या. मिक्स करत नसाल तेव्हा बूथच्या मॉनिटरचा (डीजेसाठीच्या स्पीकरचा) आवाज खाली ठेवा.

उघड्यावर मर्यादा कायद्याची आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. त्यामुळे ‘एकच शेवटचं’ याचं उत्तर तुमच्या हातात नसतं. दहाला बंद करायचं असेल तर शेवटचा ट्रॅक ९ वाजून ५२ मिनिटांनी सुरू करा आणि जवळच्यांना तेव्हाच सांगा, ‘हा शेवटचा’.

गैरसमजांना उत्तर

‘तू फक्त बटणं दाबतोस’, ‘सिंक आहे की’. हे सेट चालू असताना बोलायचे विषय नाहीत. नंतर कुणी मनापासून विचारलं तर सरळ सांगा: सिंक दोन ट्रॅकचा वेग आणि ठोके जुळवतं. कुठला ट्रॅक, कुठल्या बारवर, कुणाचा बेस कधी काढायचा, हे ते ठरवत नाही.

‘सगळं एकच गाणं वाटतं’ ही तक्रार प्रामाणिक असते. तबल्याच्या सोलोला लेहरा लागतो तसं सांगून बघा. पेटीवर तीच ओळ फिरत राहते आणि तिच्या आधाराने तबल्यातलं बदलणं कळतं. इथे किक हा लेहरा. दोन मिनिटं फक्त बेस ऐका म्हणावं, मग दोन मिनिटं फक्त हाय-हॅट.

‘हे आपलं संगीत नाही’ म्हणणाऱ्याला चरणजित सिंग यांचं नाव सांगा. मुंबईच्या या वादकाने १९८२ मध्ये टीआर-८०८ (ताल वाजवणारं) आणि टीबी-३०३ (बेस वाजवणारं) या रोलँड कंपनीच्या यंत्रांवर, डिस्कोच्या ठोक्यावर दहा राग वाजवले. टीबी-३०३ वर शिकागोत ॲसिड हाऊस हा हाऊसचा प्रकार घडला ते त्यानंतर. नावं सांगून थांबू नका, ऐकवा.

पैसे आणि दारू

लग्नात नोट पुढे करायची रीत आहे, म्हणून क्लबातही कुणी पाचशेची नोट धरतो. हसून परत करा. घेतलीत की ती फरमाईश राहत नाही, ऑर्डर होते. दारू चढलेल्या माणसाशी एकदाच बोला; दुसऱ्यांदा आला तर नजर मिक्सरवर ठेवून ठरलेल्या माणसाला खूण करा. माइकवरून कुणाचाही पाणउतारा करू नका, भले तो कितीही चुकलेला असो. सगळा फ्लोर त्याच्या बाजूने उभा राहतो.

घरी गेल्यावर, झोपायच्या आधी, त्या रात्री काय काय मागितलं गेलं ते ठिकाणाच्या नावासकट फोनमध्ये लिहून ठेवा. त्याच जागी पुन्हा वाजवायचं असेल, तेव्हा त्यातलं तुमच्या शैलीत बसणारं काही मिळतं का ते आठवडाभर आधी शोधा.