रिसेप्शनचा डीजे: दहा वाजल्यापासून मागे मोजताना

रिसेप्शनच्या संगीताचे नियोजन रात्री दहापासून मागे मोजत करावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. घोडबंदर रोडवरच्या लॉनचे निमंत्रण सातचे असले, तरी ऑफिस सुटल्यावर लोकल आणि रिक्षा करून येणारी मंडळी आठच्या पुढेच जमतात, नवरा-नवरी शुभेच्छांच्या रांगेपुढे उभी असतात आणि नाचाला उरतो तो जेमतेम पाऊण तास.

नाच सुरू होईपर्यंत मिनिटाला ८० ते ९५ ठोक्यांचे वाद्यसंगीत पुरते. आवाज एवढाच असावा की शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलताना घसा ताणावा लागू नये. स्पीकरची तोंडे नाचाच्या फ्लोअरकडे ठेवावीत, बुफेकडे किंवा ज्येष्ठांच्या सोफ्यांकडे नव्हे. खारघरला एकदा नवरदेवाच्या मित्रांच्या आग्रहाखातर मी सव्वाआठलाच जोरात सुरुवात केली. नऊला ते सगळे घामाघूम होऊन जेवणाच्या रांगेत उभे होते आणि फ्लोअर ओस पडला होता.

नाचणाऱ्यांपेक्षा बसलेल्यांकडे पाहावे. मुले कशावरही उड्या मारतात, त्यावरून काही कळत नाही. पावणेनऊच्या सुमारास एखादे ओळखीचे कोळीगीत मध्यम आवाजात लावून दुसऱ्या रांगेतल्या आत्या-मावश्यांवर नजर ठेवावी: हातात ताट असतानाही चपलेची टाच ठेका धरू लागली, की गाणे लागू पडले असे समजावे, आणि त्यांतल्या एखादीने पर्स भाचीकडे सोपवली, तर पुढचे गाणे बिनदिक्कत चढे लावावे. पाय हललेच नाहीत, तर ते गाणे पहिल्या कडव्यानंतर उतरवावे आणि पाच मिनिटांनी वेगळ्या बाजाचे गाणे लावून पाहावे.

मिसळताना एक अडचण हमखास येते. बरीच कोळीगीते सहा मात्रांच्या झुलत्या ठेक्यात असतात, तर नाचाची चित्रपटगीते सरळ चार मात्रांची. ठोके जुळवून एकातून दुसऱ्यात जाऊ पाहिले, तर ठेका अडखळतो आणि पाय गोंधळतात. अशा वेळी समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, गाणे तोडून, ढोलाचा छोटा तुकडा मध्ये घालून पुढचे उचलावे. सलग तीन चढ्या गाण्यांनंतर एक सावकाश गाणे द्यावे, म्हणजे दमलेले बाजूला होतात आणि लाजून उभे असलेले आत सरकतात. फर्माइशी लिहून घ्याव्यात, पण क्रम आपलाच ठेवावा.

नऊ पन्नासला शेवटचे गाणे लावण्यापूर्वी यजमानांना खुणेने कळवावे, कारण वधूचे वडील तोवर पाहुण्यांना निरोप देण्यात गुंतलेले असतात आणि त्यांना फ्लोअरवर आणायला दोन मिनिटे तरी लागतात. नऊ पंचावन्नला आवाज पहिल्या तासाच्या पातळीवर आणावा. काहींचे जेवण अजून व्हायचे असते.