उपोष्णकटिबंधीय वादळ: हा शब्द कुठे आणि कसा वापरायचा

हवामानाच्या बातम्या मराठीत करायला लागले तेव्हाची पहिली फजिती अजून आठवते. अटलांटिकमधल्या एका 'सबट्रॉपिकल स्टॉर्म'ची बातमी होती. मी लिहून मोकळी झाले, 'सौम्य चक्रीवादळ'. रात्रपाळीच्या वरिष्ठांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "सौम्य, आणि वारा ताशी ९५ किलोमीटर?"

'सबट्रॉपिकल' म्हणजे मराठीत 'उपोष्णकटिबंधीय', आणि घोटाळा त्यातल्या 'उप'ने केला होता. उपाध्यक्ष, उपसंपादक असे शब्द अंगवळणी पडलेले. 'उप' दिसला की मराठी डोकं एक पायरी खाली उतरतं. (मी तेव्हा उपसंपादकच होते, त्यामुळे ते जरा जास्तच पक्कं बसलं होतं.) इथे 'उप' म्हणजे लगतचा. उप अधिक उष्ण, उपोष्ण; म्हणजे उष्ण पट्ट्यालगतचा. बरं, शब्द पट्ट्याचा असला तरी वादळाच्या बाबतीत तो सांगतो स्वभाव. वादळाला ऊर्जा कुठून मिळते, हे त्यातून कळतं.

उष्णकटिबंधीय चक्रीवादळ उबदार समुद्रावर पोसलं जातं. वाफ वर चढते, तिचे ढग होताना उष्णता सुटते आणि ती मध्याशी साठते. म्हणून त्याचा गाभा खालपासून वरपर्यंत उबदार. समशीतोष्ण पट्ट्यातलं आवर्त गार आणि उबदार हवेच्या झटापटीवर चालतं. त्याला आघाड्या, म्हणजे गार आणि उबदार हवेच्या सीमारेषा, असतात आणि गाभा थंड. आपलं उपोष्णकटिबंधीय वादळ दोन्ही घरचं खातं. त्याला आघाड्या नसतात, मेघगर्जना करणारे ढग असतात, पण डोक्यावर बहुतेक वेळा थंड हवेचं कमी दाबाचं क्षेत्र बसलेलं असतं. म्हणून खाली ऊब आणि वर गारवा.

उपग्रहाचं चित्र समोर आलं की मी आधी मध्यभाग बघते. उष्णकटिबंधीय वादळात ढगांचा दाट गोळा केंद्रावर किंवा त्याला खेटून असतो. इथे मधोमध जवळजवळ रिकामं, विरळ ढगांची फिरकी, आणि दाट पट्टा दूर एका बाजूला, स्वल्पविरामासारखा वळलेला. मग वाऱ्याचे आकडे. सगळ्यात जोराचा वारा केंद्रापासून साधारण ११० किलोमीटरच्या पलीकडे असेल, तर संशय बळावतो. तरीही चित्रावरून स्वतः निर्णय देऊ नका. आपलं काम शब्द बरोबर नेण्याचं. तज्ज्ञांनाही हे डोळ्यांनी भागत नाही. १९७५ मध्ये हेबर्ट आणि पोटीट यांनी उपग्रहचित्रांवरून अशा वादळांची तीव्रता ठरवण्याची रीत दिली. रॉबर्ट हार्ट यांनी २००३ मध्ये वादळाची सममिती आणि खालच्या-वरच्या थरांतला गाभा मोजणारा आलेख मांडला. त्यावर ही वादळं दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी सापडतात.

आता लिहिताना. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या मोजणीत वारा ताशी ६३ किलोमीटर किंवा जास्त असेल तर 'उपोष्णकटिबंधीय वादळ', त्याखाली 'उपोष्णकटिबंधीय डिप्रेशन'. हरिकेन म्हणजे तिकडचं तीव्र उष्णकटिबंधीय चक्रीवादळ. 'उपोष्णकटिबंधीय हरिकेन' असा वर्ग तिथे नाही, तेव्हा तो आपणही जन्माला घालू नये. वादळ जात बदलतं, तेव्हा क्रियापद सांभाळा. सप्टेंबर २००२ मधलं अटलांटिकमधलं गुस्ताव वादळ उपोष्णकटिबंधीय म्हणून सुरू झालं, मग उष्णकटिबंधीय झालं आणि पुढे हरिकेन. पहिल्या बदलाला 'तीव्र झालं' म्हटलं तर चूक. 'रूपांतर झालं' म्हणा. दुसऱ्याला मात्र 'तीव्र झालं' चालेल, कारण तिथे वाऱ्याचा वेग खरंच वाढला. अटलांटिकच्या नेहमीच्या यादीतलं नाव उपोष्णकटिबंधीय असतानाच मिळालेलं गुस्ताव हे पहिलं वादळ.

त्याआधी बरीच वर्षं अशा वादळांची ओळख क्रमांकाने चालली, आणि १९७२ मध्ये तर छोट्या आकाराच्या संकर, म्हणजे दोन्ही जातींचे गुण असलेल्या, वादळांसाठी 'न्यूटरकेन' हा शब्द काढला होता. धड हे नाही, धड ते नाही, म्हणून 'न्यूटर', म्हणजे नपुंसकलिंगी. त्या काळी अटलांटिकमधल्या वादळांना फक्त बायकांची नावं देत (पुरुषांची आली १९७९ मध्ये), त्यामुळे या शब्दावर टीका आणि टवाळी झाली आणि तो लवकरच मागे पडला. मराठीत त्याची गरजही नव्हती. आपलं 'वादळ' जन्मतःच नपुंसकलिंगी. जुन्या मजकुरात हा शब्द भेटला तर तसाच ठेवा, आजच्या वादळाला लावू नका.

प्रदेशानुसार नावं बदलतात. हवाईकडे 'कोना वादळ' म्हणतात. ब्राझीलचं नौदल २०११ पासून दक्षिण अटलांटिकमधल्या अशा वादळांना नावं देतं, पहिलं अरानी. भूमध्य समुद्रातलं 'मेडिकेन' हे बोलीतलं नाव आहे. २०२० च्या इयानोस वादळाला ते लावायला हरकत नाही, मात्र अधिकृत वर्ग असल्यासारखं लिहू नका.

राहिला 'संकर वादळ'. हा मी मजकुरात समजावून सांगण्यापुरता वापरते, वर्ग म्हणून नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेत आलेल्या सँडी वादळाच्या वेळी 'हायब्रिड', म्हणजे संकर, हा शब्द सगळीकडे फिरत होता. किनाऱ्याला लागण्याच्या जरा आधी त्याचा अधिकृत वर्ग बदलून ते 'उष्णकटिबंधोत्तर', म्हणजे उष्णकटिबंधीय गुण सरलेलं, ठरलं, पण वारा हरिकेनच्याच ताकदीचा होता. पुढच्या वर्षी तिथले नियम बदलले आणि वर्ग बदलला तरी हरिकेनचा इशारा चालू ठेवायची सोय झाली. तेव्हापासून माझ्या बातमीत पहिल्या वाक्यात वाऱ्याचा वेग आणि पावसाचा अंदाज असतो. 'उपोष्णकटिबंधीय' दुसऱ्या वाक्यात येतो, आणि मथळ्यात तर तो मावतही नाही.